‘डिसइंटरेस्टेड’ व ‘अनइंटरेस्टेड’ : एक अर्थविवेक

इंग्रजीतील ज्या शब्दयुग्मांचा अभ्यासकांकडून वारंवार घोटाळा होतो, त्यांत ‘डिसइंटरेस्टेड’ व ‘अनइंटरेस्टेड’ यांची गणना करावी लागेल. पहिल्याचा आजचा प्रमाण अर्थ ‘ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा’. दुसऱ्याचा ‘ज्याला गोडी वा जिज्ञासा नाही असा’. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा. दुसऱ्या प्रकारचा असल्यास तो पुरावा लक्षपूर्वक ऐकणारच नाही.

हा घोटाळा केवळ अज्ञानमूलक आहे, असे मानणे मात्र इतिहासाला धरून नाही. ‘इंटरेस्ट’ या मूळ शब्दातच हितसंबंध आणि आस्था हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. सतराव्या शतकातील लेखनात ‘डिसइंटरेस्टेड’ आस्थारहित या अर्थी, तर ‘अनइंटरेस्टेड’ निःपक्षपाती या अर्थी योजलेला आढळतो. म्हणजे आजचा भेद शब्दघटनेने नव्हे, तर रूढीने सिद्ध झालेला आहे.

तथापि समीक्षेत या भेदाकडे दुर्लक्ष केल्यास सिद्धान्तच उलटा होतो. मॅथ्यू आर्नल्डने ‘द फंक्शन ऑफ क्रिटिसिझम ॲट द प्रेझेंट टाइम’ (१८६४) या निबंधात ‘डिसइंटरेस्टेडनेस’ हा समीक्षेचा मुख्य नियम ठरविला. त्याच निबंधात त्याने जिज्ञासेचाही कैवार घेतला आहे. पक्ष, पंथ व तात्कालिक व्यवहार यांच्या सोयीपासून बुद्धी मुक्त ठेवावी, हे त्याचे सांगणे. ती निरुत्साही असावी, हे नव्हे.

येथे मराठी अनुवादकापुढे खरी अडचण उभी राहते. ‘उदासीन’ हा शब्द कौटिल्याच्या राजमंडलात आणि गीतेत पक्षापलीकडे असलेल्याचा वाचक आहे. आजच्या मराठीत मात्र तो बेपर्वा वा खिन्न मनुष्याचा वाचक झाला आहे. इंग्रजी शब्दयुग्मातील दोन्ही अर्थ आपल्याकडे एकाच शब्दाच्या दोन काळांत विभागले गेले आहेत. संस्कृत परंपरेच्या भरवशावर आर्नल्डचा समीक्षक ‘उदासीन’ म्हटला, तर आजचा विद्यार्थी त्याला निरिच्छ वाचक समजेल. ‘तटस्थ’ हा शब्द काठावरच थांबवितो. ‘निःस्वार्थ’ केवळ नैतिक गुण सांगतो. त्या मानाने ‘अनासक्त’ अधिक समर्पक होय. कारण त्यात कर्माचा त्याग नसून फलाच्या आसक्तीचा त्याग अभिप्रेत आहे.

तात्पर्य, समीक्षकाने कृतीत पूर्णपणे गुंतावे. तिच्यापासून होणाऱ्या लाभात गुंतू नये. या दोन शब्दांतील भेद जपणे म्हणजे समीक्षेचा हा धर्मच जपणे होय.