नागिणीचा पल्ला

ओम राऊत यांचा २०२० सालचा 'तान्हाजी' हा चित्रपट मुलांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यात 'नागिन' नावाची अजस्र तोफ कोंढाण्यावर येते आणि तिचे तोंड राजगडाकडे वळते. चित्रपटाने कल्पनेची भरारी मारावी, त्याला आमची हरकत नाही. पण 'अशी तोफ शक्य आहे का?' असे मुलांनी वर्गात विचारले, तर उत्तर विज्ञानाच्या शिक्षकालाच द्यावे लागते.

कोंढाणा ते राजगड हे अंतर सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर आहे. म्हणजे खंडाळ्याहून उत्तरेकडे डागलेला गोळा शिरवळ ओलांडून नीरेपलीकडे पडायला हवा. पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने ४५ अंशांच्या कोनासाठी गणित केले, तर आद्यवेग सेकंदाला सुमारे ३८३ मीटर येतो. काळ्या दारूच्या तोफांना हा वेग अशक्य नव्हता. मग चित्रपट खरा मानायचा काय?

येथे तोफेच्या बाराच्या संथ चित्रफिती उपयोगी पडतात. साध्या मोबाइलवरही सेकंदाला २४० चौकटी टिपता येतात. बत्ती दिल्यावर आधी कानाशी ठिणगी दिसते, क्षणभराने तोंडातून ज्वाळा आणि पांढऱ्या धुराचा लोट बाहेर पडतो. सोरा, गंधक आणि कोळसा जळून निम्म्याहून अधिक वस्तुमान घनकणांच्या रूपात उरते, म्हणून हा धूर इतका दाट. पडद्यावरचा नारिंगी आगीचा गोळा आणि काळा धूर हे या दारूचे लक्षण नव्हे.

गोळा मात्र बहुधा दिसत नाही, कारण दोन चौकटींमध्ये तो मीटरभर पुढे गेलेला असतो. तरी त्याचा वेग काढता येतो. समजा, गाड्यासह तोफ १००० किलोची, गोळा ५ किलोचा आणि तोफ दहा चौकटींत ६ सेंटिमीटर मागे सरली. तिचा वेग सेकंदाला जवळपास दीड मीटर झाला. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने गोळ्याचा वेग सुमारे ३०० मीटर. बाहेर पडणारा वायूही संवेग नेतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी धरावा.

पण हा वेग तोफेच्या तोंडापाशीचा. पाठ्यपुस्तकातले सूत्र हवा नाही असे गृहीत धरते, आणि चूक येथेच होते. १० सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा ३८३ मीटर वेगाने निघाला, तर हवेचा अवरोध त्याच्या वजनाच्या दहापटीहून अधिक असतो. म्हणूनच गोल गोळ्याच्या तोफांचा पल्ला साधारण दोन-तीन किलोमीटरच्या आसपास राहिला. मोठी तोफ ओतली की प्रश्न सुटतो असेही नाही. १५४९ साली ओतलेली विजापूरची मलिक-ए-मैदान सुमारे ५५ टनांची आहे. तेवढे धूड डोंगरी किल्ल्यावर चढवायचे कसे?

आमचा आक्षेप तोफेच्या आकाराला नाही. तोफ १५ किलोमीटरवर मारा करू शकली असती, तर डोंगरी किल्ल्यांना अर्थच उरला नसता. तशी तोफ नव्हती, म्हणूनच फेब्रुवारी १६७० मध्ये रात्री कडा चढून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. नागिणीमुळे तान्हाजींचे शौर्य वाढत नाही. त्यामागचे कारण तेवढे झाकले जाते.

शिक्षकांना एकच विनंती. शाळेत दारूचा प्रयोग कदापि करू नये. उपलब्ध चित्रफीत, मोजपट्टी आणि कागद एवढ्यावर हा तास रंगतो.