पडद्यावरच्या मुंग्या

बंगळूरला राहणारा माझा भाचा सिंथसायझरवर प्रायोगिक संगीत करतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा वीस मिनिटांचा प्रयोग ऐकला; म्हणजे पाहिलाही. सूर लांबत होते, विरत होते, आणि मागच्या पडद्यावर जुन्या टीव्हीच्या मुंग्या नाचत होत्या. मधूनच चित्र वर सरकायचं, आडव्या रेघा यायच्या, रंग फाटायचे. संपल्यावर त्याने विचारलं, "मामा, कसं वाटलं?" मी म्हटलं, "आवाज चांगले होते. मुंग्या कशाला?" तो म्हणाला, "त्याने जुना फील येतो."

कुणाचा जुना? त्या मुंग्या घालवायला आम्ही गच्चीवर चढून अँटेना फिरवली आहे. खालून कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" भाचा कळता झाला तेव्हा ते टीव्ही भंगारात निघाले होते. ज्या बिघाडाशी आम्ही झगडलो, तोच त्याने सॉफ्टवेअरमधून हवा तेवढा मोजून आणला होता. माझी चिडचिड वयाची असेल, हे मान्य. म्हणून मत बनवण्याआधी मी खरोखरच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळलो. ते आपल्या देशातलंच आहे.

१९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. या घडामोडीमागे गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये अमेरिकेत त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले होते. पुढची तीनेक वर्षं आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्या स्टुडिओत काम केलं. नंतर सगळं थांबलं आणि टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांच्या हाती त्या लागल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या.

या रचना मी पडदा न लावता, डोळे मिटून ऐकल्या. त्यांत जुन्याची ओढ कुठेच नाही. जोशीपुरांच्या एका रचनेचं नावच 'स्पेस लायनर २००१' आहे. त्यांच्या दृष्टीने २००१ म्हणजे पुढे वाढून ठेवलेलं साल. आपल्या दृष्टीने ते कधीच मागे पडलं. आज या आवाजांना 'रेट्रो' म्हणणं म्हणजे त्यांनी पाहिलेलं उद्याचं स्वप्न आपण आठवणींच्या ट्रंकेत घालून कुलूप लावणं.

दुसरी गोष्ट यंत्राची. त्या मूगला स्मरणशक्ती नव्हती. वायरी एका खाचेतून काढून दुसरीत खुपसायच्या, खुंट्या फिरवायच्या आणि आवाज शोधायचा. वायर उपसली की तो आवाज गेला. राहिलाच तर टेपवर. यंत्र तापलं की सूर सरकायचा. म्हणजे या टेपांमधली खरखर आणि डळमळ ही कामाची अट होती, सजावट नव्हती. माझ्या भाच्याच्या मुंग्या निव्वळ सजावट होत्या. आवाज काहीही करो, त्या आपल्या नाचतच होत्या. त्यांच्यामुळे प्रत्येक सुराला एकच अर्थ चिकटला: 'गेले ते दिवस'. प्रयोग म्हणवणाऱ्या संगीताचं याहून मोठं नुकसान नाही, कारण ऐकणाऱ्याने काय ऐकायचं हे आधीच ठरून जातं.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे जुनी यंत्रं वापरायचीच नाहीत?" प्रश्न रास्त होता, आणि उत्तर त्यानेच शोधलं. एस. पी. रोडवरून त्याने एक जुना ऑसिलोस्कोप उचलून आणला: गोल काच, हिरवा प्रकाश. मी तिकडे गेलो तेव्हा आम्ही सिंथसायझरचा एक साधा सूर त्याच्या आडव्या बाजूला जोडला आणि दुसरा उभ्या बाजूला. षड्ज आणि पंचम. काचेवर हिरव्या रेषेची एक वेटोळी आकृती उमटली आणि सावकाश फिरू लागली.

ती का फिरत होती? षड्ज-पंचमाचं शुद्ध नातं दोनास तीन असं आहे. तानपुऱ्यावर आपण तेच जुळवतो. पण कीबोर्डच्या पट्ट्यांतला पंचम त्याहून किंचित उतरलेला असतो, इतका किंचित की एरवी कान दुर्लक्ष करतो. काच दुर्लक्ष करत नव्हती. भाच्याने खुंटी केसभर फिरवली. आकृतीचा वेग मंदावला आणि ती जागच्या जागी थांबली. त्या क्षणी सूरही निवला, आणि तो आम्ही दोघांनी ऐकला. जुन्या तंत्राच्या चित्राने माझ्या कानाला एक नवी गोष्ट दाखवली.

मला आता फरक सांगता येतो. प्रश्न चित्र जुनं दिसतं की नवं, हा नाही. ते आवाजातून निघालं आहे की आवाजावर पांघरलं आहे, हा आहे.

भाच्याने प्रयोग पुन्हा बांधला आहे. मुंग्या त्याने टाकून दिलेल्या नाहीत. सिंथसायझरमध्ये नुसती खरखर निर्माण करणारा एक भाग असतो. टीव्हीवरच्या मुंग्याही तशीच विस्कळीत विजेची खरखर, फक्त डोळ्यांना दिसणारी. अशा खरखरीचे दोन वेगळे स्रोत ऑसिलोस्कोपच्या दोन बाजूंना जोडले की काचेवर मुंग्यांचं वारूळ फुटतं. वीस मिनिटांत एकदाच, खरखर ऐकू येते तेवढ्यापुरतं, त्याने ते फुटू दिलं आहे. मग हळूहळू षड्ज लागतो आणि वारुळाची रेषा होते. या खेपेला मी त्याला काही विचारलं नाही.