मालकंसात शिरलेला पंचम

गेल्या गणपतीत आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत शेजारच्या काकूंनी 'बैजू बावरा'मधलं (1952) मोहम्मद रफींचं मालकंसातलं भजन गायला घेतलं. साथीला मी. दिवसा कोड लिहायचा, रात्री मंडपात कॅसिओ वाजवायचा. (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे कीबोर्डला कॅसिओच म्हणतात.) काकूंची पट्टी काळी पाच. मी ट्रान्सपोज लावलं आणि बोटं पांढरी एकवरच ठेवली. डाव्या हाताला ऑटो अकम्पनिमेंट, एका बोटाचा मोड. दुसऱ्याच ओळीला काकू थांबल्या. म्हणाल्या, "अरे, मागे कोणीतरी दुसरंच गातंय."

लोक हसले. मला वाटलं, काकूच बेसूर झाल्या. तसं मी कोणाला तरी बोललोही, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचलं.

घरी येऊन हेडफोन लावले आणि उजवा हात खिशात घालून फक्त डावा ऐकला. एका बोटाचा मोड म्हणजे शॉर्टकट. एक स्वर दाबला की त्याचा मेजर कॉर्ड. माझ्या वाद्यावर त्याच्या उजवीकडचा आणखी कुठलाही एक स्वर दाबला की मायनर. उरलेलं काम वाद्य करतं: कॉर्डचे तीन स्वर भरतं, ठेका धरतं आणि खाली बेस चालवतं. हा बेस बहुतेक स्टाइल्समध्ये मूळ स्वर आणि त्याचा पाचवा असा आलटून पालटून जातो. मी 'सा' धरला होता. 'सा'चा पाचवा म्हणजे पंचम.

आणि मालकंसात पंचम वर्ज्य. सा, कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नी, संपलं. तानपुराही तिथे पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. काकू जो स्वर जिवापाड टाळत होत्या, तो मी स्पीकरमधून, बेसमध्ये, ठेक्याच्या तालावर ठोकत होतो. बेसुरा मीच होतो.

यात दोष यंत्राचा किती? ही कल्पना तशी जुनी. हॅमंडचा कॉर्ड ऑर्गन 1950 साली आला, त्यात डाव्या हाताला बटणं होती, एक बटण म्हणजे एक अख्खा कॉर्ड. ज्या संगीतात गाणंच कॉर्डवर उभं असतं, तिथे ही सोय उत्तमच. आपल्याकडे मात्र गाणं एका 'सा'वर उभं असतं. भारतासाठी म्हणून काढलेल्या कीबोर्डांवर तबल्या-ढोलकीचे ठेके आले, आणि त्यातले काही खरंच छान वाजतात. पण मेहनत घेतली ती तालावर. ठेका देशी, त्याखालचा बेस परदेशी, अशी ती वेशभूषा स्पर्धा असते.

तरी मार्ग आहे, आणि तो सापडला तेव्हा मी रात्री दीड वाजता एकटाच ओरडलो. मालकंसाच्या पाच स्वरांत साधे मेजर-मायनर कॉर्ड दोनच बसतात: एफ मायनर आणि ए-फ्लॅट मेजर. 'सा'चा एकही नाही! एफ मायनर धरला की बेस 'म' आणि 'सा' असा चालतो. म्हणजे जवळपास तानपुराच. बोट एकाऐवजी दोन, पण रागाचा दरवाजा उघडतो. शॉर्टकट वाईट नव्हता. त्या एका बोटाखाली तीन स्वरांचा निर्णय झाकलेला असतो, आणि तो निर्णय आपण घेतलेलाच नसतो, हे मला कळलं नव्हतं. प्रॉडक्शनमध्ये दुसऱ्याची लायब्ररी न वाचता चिकटवण्यासारखंच हे.

कॉर्डचं जमलं, पण श्वासाचं काय? संगीत नाटकात पायपेटीवाला गायकाच्या तोंडाकडे बघत वाजवायचा. गायकाने जागा लांबवली की तोही रेंगाळायचा. माझं वाद्य कॉर्ड बदलायची वाट बघतं, गाणाऱ्याची नाही. काकूंनी तार 'सा' धरला तरी ठेका पुढच्या समेवर हजर.

काकूंची माफी मागायला गेलो तेव्हा कीबोर्ड सोबत नेला. एफ मायनर धरून दाखवला. त्यांनी डोळे मिटून थोडं ऐकलं, मग म्हणाल्या, "हा चालेल. पण तो तबला बंद कर आधी."

केला. त्या गायला लागल्या.