'चिंता' आणि 'सावधान' : रामदासांच्या दोन बाल्यकथा

बालपणीच्या भयातून प्रौढ व्यक्तित्वाची उकल करण्याची रीत मराठी चरित्रलेखनाला मुळीच नवी नाही. जालना जिल्ह्यातील जांब येथे 1608 साली जन्मलेल्या नारायण ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, यांच्याविषयीच्या दोन बाल्यकथा याची साक्ष देतात. नवीन जालन्यातील शाळकरी मुलासही त्या ठाऊक असतात. पहिलीत अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला मुलगा आईला, आपण विश्वाची चिंता करीत आहो, असे सांगतो. दुसरीत 'सावधान' हा शब्द कानी पडताच तो बोहल्यावरून पळतो. परंपरेनुसार पित्याचे निधन त्याच्या सातव्या वर्षी झाले व पलायन बाराव्या वर्षी. यांतून एक भ्यालेले, पोरके मूल उभे करणे आणि पुढील विरक्ती व भ्रमण ही त्याच्याच भयाची फळे ठरविणे सोपे आहे. किंबहुना ते फारच सोपे आहे.

एरिक एरिक्सन याने 1958 साली तरुण लूथरवर लिहिताना अर्धदंतकथेला अर्धा इतिहास मानण्याची मुभा घेतली होती. ती ज्ञात घटनांशी विसंगत नसावी व मानसशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण असावी, एवढीच त्याची अपेक्षा. ही मुभा येथे चालणार नाही, कारण दोन्ही कथांचा डोलारा एकेका द्व्यर्थी शब्दावर उभा आहे. 'चिंता' ज्या धातूपासून आली त्याचा अर्थ विचार करणे, 'चिंतन' त्याचेच. 'सावधान' म्हणजे अवधानासह, लक्षपूर्वक. मंगलाष्टकांतील सूचना धोक्याची नसून लक्ष देण्याची आहे. धोक्याचा अर्थ ठळक करून ऐकल्यावाचून कथेतील पलायन घडत नाही. कथा मुलाच्या मनाविषयी जितके सांगते, त्याहून अधिक ती सांगणाऱ्यांच्या भाषेविषयी सांगते.

स्वतः रामदासांचे म्हणणे निराळे आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील दुसऱ्या समासात बालकाच्या दुःखाचे जे वर्णन येते, त्यात बालकाजवळ वाचाच नाही. ते आक्रोश करते. माता त्याला वरून गोंजारते, पण आतील वेदना तिला उमगत नाही. पुढे संसारातील दुःखांची मालिका येते. तथापि मायलेकांमधील ही न उमगण्याची जागा त्या समासातील सर्वांत सूक्ष्म जागा होय. चरित्रकथेतील मूल आईच्या प्रश्नाला तयार उत्तर देते. दासबोधातील मुलाला उत्तर देताच येत नाही. ही दुसरी अवस्था बालमनाच्या अधिक निकट आहे, आणि वियोगाचा बालकावरील परिणाम अभ्यासणाऱ्या जॉन बोल्बीच्या विवेचनाशीही ती अधिक जुळते.

मग प्रौढ रामदासांचा इतरांशी संबंध कसा वाचावा? दासबोधात श्रोत्यांना सावध होण्यास वारंवार सांगितले जाते, आणि तेथे त्या शब्दाचा जुना अर्थ जिवंत आहे. ज्या शब्दाने कथेतील मुलाला माणसांतून उठविले, त्याच शब्दाने ग्रंथकार माणसांना समोर बसवितो. (आजच्या मराठीतही काळजी 'करणे' आणि काळजी 'घेणे' यांत केवळ क्रियापद बदलते.) भयाचा पुरावा शोधावयाचा तर तो करुणाष्टकांतील व्याकुळ संबोधनांत शोधावा, ती प्रौढाची, स्वतःची वाणी आहे.

संप्रदायात आणखी एक कथा आहे. दीर्घ तीर्थाटनानंतर रामदास जांबला परततात, तेव्हा आईची दृष्टी गेलेली असते. दारातला गोसावी तिला दिसत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो त्याचा आवाज.