हमी आहे, पण जागचं हलू नका

८ जुलै २०२२ ला रॉजर्सचं नेटवर्क बसलं आणि कॅनडात १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक अडकले. अपग्रेड करताना एक फिल्टर काढला गेला, मुख्य राउटरांवर मार्गांच्या माहितीचा पूर आला, अनेकांना ९११ सुद्धा लागेना. अशा दिवशी वाटतंच, की फोनांनीच एकमेकांचे निरोप पुढे द्यावेत, मधे कंपनी नको.

या कल्पनेचा एक पाया ओटावातच घातला गेला: बोस, मोरिन, स्टोयमेनोविच आणि उरुतिया यांचा १९९९ चा पेपर. शीर्षकातच 'गॅरंटीड डिलिव्हरी'!

लेखक कार्लटन आणि ओटावा विद्यापीठांतले. दोन्ही रिडो कालव्याकाठी. म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. पलीकडे जायचंय, नकाशा नाही, फक्त ती जागा कुठे आहे ते ठाऊक. दर चौकात तिच्या जास्त जवळ नेणारी वाट धरायची. कालवा आडवा आला की काठ न सोडता चालायचं. कधीतरी पूल लागतो, मग पुन्हा सरळ. निरोपही असाच जातो. प्रत्येक फोनला फक्त शेजारी माहीत, निरोपाच्या प्रती नाहीत, मधल्या कुणी काही लक्षात ठेवायचं नाही. तरी तो पोचतोच, याची सिद्धता दिलीय. ती आजही वाचताना मजा येते.

माझी तक्रार 'गॅरंटीड'बद्दल आहे. हमीला दोन अटी: सगळ्या रेडिओंचा पल्ला सारखा आणि गोल, आणि निरोप वाटेत असेपर्यंत नेटवर्क स्थिर. लेखक हे लपवत नाहीत; पण शीर्षक वाचून डोळ्यासमोर येतात ती चालती-फिरती माणसं. शिवाय भिंती पल्ला वेडावाकडा करतात, मग काठच चुकीचा आखला जातो आणि निरोप गोल गोल फिरत राहतो. किम, गोविंदन, कार्प आणि शेंकर यांनी २००५ मध्ये ही दुखणी नीट उलगडून दाखवली.

याहून अवघड प्रश्न पेपर बाजूलाच ठेवतो: समोरचा आत्ता कुठे आहे, हे पाठवणाऱ्याला कोण सांगणार? मैत्रीण टोरंटोत आहे, पण घरी की गो ट्रेनमध्ये? ही नोंदवही एकाच ठिकाणी ठेवली, की रॉजर्स मागच्या दाराने परत आत. एमआयटीच्या 'ग्रिड'वाल्यांनी २००० मध्ये ती वही फोनाफोनांत वाटून ठेवायची युक्ती काढली. पण मग जो हलेल त्याने नवा पत्ता कळवत राहायचं, आणि ते कळवणंही अशाच राउटिंगने जाणार.