सेटअप आवडीचा, मजकूर कोणाचा?

कॉम्प्युटरच्या नादी लागलेल्या माणसांत (मीही त्यातलाच) वाद मिटवायचं एक ठरलेलं वाक्य आहे : ज्याची त्याची आवड. डार्क मोड की लाइट, व्हिम की व्हीएस कोड, मेकॅनिकल कीबोर्डला निळे स्विच की लाल. तासभर भांडायचं आणि शेवटी हे वाक्य टाकून चहाला जायचं. इंग्रजीपुरतं ते खरंही आहे. कीबोर्ड कुठलाही असो, फॉन्ट कुठलाही असो, फाइलमध्ये तेच ए, बी, सी जातात. मराठीला मात्र हे वाक्य वर्षानुवर्षं लागू नव्हतं, आणि आपल्या सेटअपच्या गप्पांत ही गोष्ट कधी येतच नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानात जा. अक्षरं पुसलेला कीबोर्ड, पेजमेकर आणि कृतीदेव किंवा श्रीलिपीचा फॉन्ट. आपल्यासारख्यांना हा सेटअप मागासलेला वाटतो. मला तो मुद्देसूद वाटतो. समोरचा माणूस कीबोर्डकडे बघत नाही. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या सरकारी परीक्षांतून ही बोटं तयार झालीत. जी अक्षरं कीबोर्डवर नाहीत, त्यांचे ऑल्टचे आकडे त्याला पाठ आहेत. व्हिमचे शॉर्टकट पाठ असल्याची फुशारकी मारणाऱ्यांनी इथे थोडा वेळ उभं राहावं.

या सेटअपचा दोष दिसत नाही, तो फाइलमध्ये असतो. कृतीदेवमध्ये 'मराठी' लिहा आणि फॉन्ट काढून टाका. मागे इंग्रजी ई, जे, के, बी, एच उरतात. म्हणजे त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. टायपिस्टची बोटं कुठल्या बटणांवर पडली, एवढीच नोंद होती. फॉन्टने तिला मराठीचा मुखवटा घातला होता. श्रीलिपीचा मुखवटा वेगळा, शिवाजीचा वेगळा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने उस्मानाबादचं नाव धाराशिव करायला मंजुरी दिली. या निमित्ताने एक साधी परीक्षा घेता येते : जुन्या फायलींत 'धाराशिव' शोधून दाखवा. कृतीदेवमध्ये 'धा' म्हणजे अर्धा ध, मग ध पुरा करणारी उभी रेघ, मग खरा काना. रेघ आणि काना यांचं बटण एकच. 'शि'ची वेलांटी श च्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ध हे एकच अक्षर आणि वेलांटी श च्या नंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. शब्द एकच, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोघांचा काही संबंध नाही. समजा, तेरच्या इतिहासावर कुणी आयुष्यभर खपून पुस्तिका काढली आणि ती अशा फॉन्टमध्ये आहे. तुम्ही मोबाइलवर कितीही शोधा, ती सापडणार नाही. ती कपाटात असते तशीच कॉम्प्युटरमध्येही बंद असते.

यावर आपल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं : जुने लोक बदलत नाहीत. हे मला पटत नाही. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. त्याला युनिकोडमधली मराठी नीट जुळवता येत नाही, आणि छपाईची सगळी घडी त्याच्यावर बसलेली. शिवाय बोटांची सवय मोडायची गरजच नाही. टाइपरायटरचाच क्रम ठेवून युनिकोडमध्ये लिहिता येतं. वेलांटी आधी दाबली, तरी सॉफ्टवेअर तिला योग्य जागी बसवतं. अशी साधनं फुकट मिळतात. कीबोर्डची सवय आणि फाइलचं रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या माणसाला सांगायला आपण गेलो नाही. आपण स्विचच्या रंगावर बोलत होतो.

आणि आपलं घर तरी कुठे धड आहे? फिरा कोड हा फॉन्ट आपल्याला आवडतो, कारण त्यात उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह जुळून एकच खूण होते. केवढं कौतुक! जोडाक्षरं पहिली-दुसरीतल्या पोराला येतात, आणि ती पडद्यावर जुळतात तीही त्याच तंत्राने. तरीही अनेक टर्मिनलमध्ये 'धाराशिव' लिहिलं की वेलांटी भलतीकडे जाते, काना सुटा पडतो. त्याची तक्रार कुणी करत नाही, कारण तिथे मराठी लिहायची असते असं आपल्याला वाटतच नाही. आपण मराठी लिहितो ती मोबाइलवर, रोमन अक्षरं दाबून, आणि समोर येईल त्या सूचनेवर बोट ठेवून.

देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून आहे. तेव्हा युनिकोड नवीन आहे ही सबब आता चालत नाही. माझा निकष एवढाच : सेटअप फोटोत कसा दिसतो ते नंतर. त्यावर लिहिलेला मराठी शब्द दुसऱ्याच्या मोबाइलवर, दुसऱ्या फॉन्टमध्ये, वीस वर्षांनी शोधला तर सापडेल का? सापडत असेल, तर पुढे खुशाल म्हणा, ज्याची त्याची आवड. तोपर्यंत तहसीलसमोरचं दुकान आणि आपलं चकचकीत टेबल, दोघांचेही मार्क सारखेच कापले जातील.