ग्लासात सापडलं, पण आलं कुठून?

उन्हाळा आला की दोन गोष्टी हमखास येतात: रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आणि ‘रस्त्यावरच्या पेयांत घातक जिवाणू’ ही बातमी. बातमीमागे बऱ्याचदा एखादा शोधनिबंध असतो. माझी पीएचडी पाण्यातल्या जिवाणूंवर असल्यामुळे असे निबंध मी ढिगानं वाचते. पुष्कळांचा साचा एकच असतो: काही गाड्यांवरून उसाचा रस, लिंबू सरबत आणायचं, कोलिफॉर्म मोजायचे आणि शेवटी लिहायचं, ‘विक्रेत्यांमध्ये जागृतीची गरज आहे.’

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे.

आधी कोलिफॉर्मचं बघू. हे एका जिवाणूचं नाव नाही, तो मोठा गट आहे. त्यातले क्लेब्सिएला, एंटरोबॅक्टर मातीत आणि झाडांवरही मजेत राहतात. ऊस शेतातूनच येतो. त्यामुळे रसात नुसते कोलिफॉर्म सापडले म्हणजे सांडपाणी मिसळलं, असं सिद्ध होत नाही. ई. कोलाय सापडला तर विष्ठेचा संशय बळावतो. तरीही काही निबंध रसाला थेट पिण्याच्या पाण्याचा निकष लावतात, म्हणजे 100 मिलीत एकही कोलिफॉर्म नको. या परीक्षेत ताजा, स्वच्छ रससुद्धा नापास होऊ शकतो.

मग आकडा. एमपीएन पद्धतीत जिवाणू एकेक करून मोजत नाहीत. किती नळ्यांत वाढ झाली त्यावरून तक्ता बघून अंदाज काढतात. तीन-तीन नळ्यांच्या पद्धतीत उत्तर 240 आलं, तर खरी संख्या साधारण 42 ते 1000 यांत कुठेही असू शकते. मग 240 वाला गाडीवाला 460 वाल्यापेक्षा स्वच्छ, असं कसं म्हणणार?

पण सगळ्यात मोठी उणीव नमुन्याची आहे. तयार ग्लास तपासला तर जिवाणू आहेत एवढंच कळतं. ते पाण्यातून आले, बर्फातून, हातातून, चरकातून, की ग्लास विसळायच्या बादलीतून? गोठवल्यानं सगळे जिवाणू मरत नाहीत, त्यामुळे बर्फ कारखान्यातूनच दूषित येऊ शकतो. अखाद्य बर्फ सरबतात जाऊ नये म्हणून 2018 मध्ये महाराष्ट्रात त्याला निळा रंग घालायचा नियम आला, तो उगाच नाही. गाडीवर आल्या आल्या बर्फ, कॅनमधलं पाणी, बादली आणि तयार पेय असे चार नमुने घेतले असते, तर आकडा नेमका कुठे चढतो ते दिसलं असतं. खर्च वाढला असता, मान्य. मग गाड्या कमी घ्या.

हा फरक फक्त प्रयोगशाळेपुरता नाही. 2019 मध्ये कुर्ला स्थानकावर गलिच्छ पद्धतीनं सरबत बनवतानाचा व्हिडिओ पसरला आणि मध्य रेल्वेनं आपल्या स्थानकांवर सुट्टं लिंबू सरबत विकायलाच बंदी घातली. तिथे निष्काळजीपणा डोळ्यांना दिसत होता. सगळीकडे तसं नसतं. ज्याच्या गाडीजवळ नळच नाही, त्यानं बादलीभर पाण्यात दिवसभर ग्लास विसळले तर त्याला पत्रक वाटून काय होणार? 2014 च्या पथविक्रेता कायद्यात विक्रेत्यानं स्वच्छता राखावी असं आहे, तसं नागरी सुविधांसाठी त्याच्याकडून शुल्क घ्यायचंही आहे. मग त्या सुविधा मिळतात का, हे निबंधात एका ओळीत तरी यायला हवं. नाहीतर आपल्या निष्कर्षावरून गाडी उचलली जाते आणि दूषित बर्फ पुढच्या गाडीवर जातो.

म्हणून रस्त्यावरचं काहीही बिनधास्त प्या, असं मी म्हणत नाही. टायफॉइड, कावीळ पाण्यातून पसरतात, हे खरंच आहे. ‘बर्फ नको’ म्हटलंत तर धोक्याचा एक रस्ता बंद होतो, बादलीचा उघडाच राहतो. तो बंद करायला नळ लागतो, आणि नळ मागायचा तर बादलीचा आकडा हातात हवा. तो कोणीतरी मोजा.